खोक बघू!

रस्त्यात ओळखीचा माणूस भेटला की आपण रामराम करतो, अगदीच घाईत असलो तर नुसती मान हलवतो. मुरुडला डॉक्टर समोरून येताना दिसले की लोक खोकत. खोटं नाही सांगत. जाळं विणत बसलेला कोळी, दुकानाच्या फळीवरचा वाणी, एस.टी.ची वाट बघणारा मास्तर, हातातलं काम टाकून उभे राहत, एक हात जांघेपाशी धरत आणि "ख्हं" करून मोकळे होत. डॉक्टर चालता चालताच हात वर करत, "झकास!" म्हणत आणि पुढे जात. पहिल्या दिवशी मला वाटलं, गावात डांग्या खोकल्याची साथ आलीय. मी कंपाउंडर दाऊदभाईंना तसं विचारलं, तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "साथ नाही साहेब, सलाम आहे तो."

भानगड अशी की डॉक्टर अंतर्गळाची ऑपरेशनं करत. अंतर्गळ म्हणजे हर्निया. जांघेपाशी पोटाची भिंत फाटते, आतडं बाहेर डोकावतं, खोकल्यावर चेंडू फुगल्यासारखं वर येतं. किनाऱ्यावरच्या माणसांना तो फार. होड्या ओढायच्या, जाळी खेचायची, नांगर उचलायचा, पोटाच्या भिंतीनं तरी किती सोसायचं? भिंत शिवल्यावर ती टिकली की नाही हे बघायला खोकायला लावतात. सगळेच सर्जन लावतात, पण दवाखान्यात, पडदा ओढून. डॉक्टरांना पडदा माहीतच नव्हता. त्यांनी एकदा चालती एस.टी. हात करून थांबवली आणि ड्रायव्हरला खाली उतरवून म्हणाले, "खोक बघू!" प्रवाशांनी खिडक्यांतून माना काढल्या. ड्रायव्हर खोकला. डॉक्टरांनी खाकी पँटवरून हात लावून पाहिला, "झकास, जा आता," म्हणाले आणि गाडी सुटली. एका लग्नात तर त्यांनी मुंडावळ्या बांधलेल्या नवरदेवाला खोकायला लावलं होतं म्हणतात. ते मी पाहिलेलं नाही, पण मला ते खरं वाटतं.

माझी स्वारी तिथे कशी पोचली ते सांगतो. स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली असतील. मी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात सर्जरीचा रजिस्ट्रार होतो. एम. एस.च्या परीक्षेला बसायचं तर आधी प्रबंध लिहून द्यावा लागे. आमच्या सरांनी मला बोलावून सांगितलं, "कुलाबा जिल्ह्यात मुरुडला एका ट्रस्टच्या दवाखान्यात एक सर्जन आहे. डोक्यानं जरा तिरपागडा. त्यानं हर्नियाचा स्वतःचा टाका शोधून काढलाय. म्हणतो, माझा हर्निया परत येत नाही. जाऊन तपास. खरं असलं तर तुझा प्रबंध झाला आणि त्याचं नाव झालं."

मला असा संताप आला! बरोबरीचे मित्र मुंबईत रोज पोटं उघडणार, जठरं कापणार, आणि मी वाळूत उभा राहून बाप्यांना खोकायला लावणार. रेवसपर्यंत लाँच, पुढे एस.टी., मधे खाडी ओलांडायला तरीची होडी, पुन्हा एस.टी. अंगभर लाल धूळ घेऊन दवाखान्यात शिरलो तर समोर एक उंच, वाळकुडा माणूस हातात ताटली घेऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालत भात खात होता. मी नाव सांगायला तोंड उघडलं. ते म्हणाले, "नाव राहू दे. किती दिवस टिकतोस बघू. मुंबई ना? मग तू मुंबई." तेव्हापासून मी मुंबई. शेवटपर्यंत त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली नाही.

हा माणूस बसत नसे. जेवण उभ्यानं, चहा उभ्यानं, पेशंट तपासणं उभ्यानं. दवाखान्यात त्यांच्या नावाची खुर्ची होती, तिच्यावर दाऊदभाई औषधांच्या बाटल्या ठेवत. बोलताना ते चालत, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही चालावं लागे. माझं निम्मं शिक्षण व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्या मागे धावत झालं. मी विचारलं, "डॉक्टर, जरा बसून बोलू या का?" तर म्हणाले, "बसलं की माणसाला आपलंच खरं वाटायला लागतं."

पहिल्या महिन्यात मी दवाखान्यातले जुने कागद काढून एक सुरेख तक्ता केला. ऑपरेशन झालेले इतके, हर्निया परत आला म्हणून आलेले जवळपास कुणीच नाहीत. म्हटलं, चला, आटोपलं, दिवाळीचा फराळ शिळा व्हायच्या आत मी परत. डॉक्टरांनी चालता चालता तक्ता वाचला.

"परत आले नाहीत म्हणजे बरे झाले, हे तुला कुणी सांगितलं?"

"आले असते ना मग, दुखलं असतं तर."

"का येतील? तुझ्याकडे एकदा कापून घेतलं आणि ते फाटलं, तर तू पुन्हा त्याच शिंप्याकडे जाशील? मुंबईतले सगळे मोठे लोक असेच प्रबंध लिहितात. जो आला नाही तो बरा. अरे, तो मेला असेल, दुसऱ्याकडे गेला असेल, तुला शिव्या देत घरी बसला असेल! जो परत येत नाही त्याच्या घरी जायचं. त्याला संशोधन म्हणतात. बाकी सगळी कारकुनी." आणि माझा सुरेख तक्ता त्यांनी चार घड्या करून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारला.

मग सुरू झाली आमची वणवण. सकाळची ऑपरेशनं आटोपली की छत्री काखोटीला मारून ते निघत आणि मी मागे. एकदा एक धनगर सापडत नव्हता म्हणून राजपुरीची खाडी होडीनं ओलांडून पार म्हसळ्यापलीकडच्या वाडीपर्यंत त्यांनी मला चालवलं. पायांचे तुकडे पडले. झोपडीपाशी पोचलो तर धनगराची बायको म्हणाली, पाऊसकाळातच गेले, पान लागलं. म्हणजे साप चावला. डॉक्टरांनी विचारलं, "पण टाका? टाक्याची जागा कशी होती?" ती म्हणाली, "ती चांगली होती जी. म्हस उचलीत व्हते." डॉक्टर आनंदानं ओरडले, "ऐकलंस मुंबई? सापानं मेला! टाका शाबूत!"

मला भुईनं पोटात घ्यावं असं झालं. ती बाई बघतच राहिली. मग डॉक्टरांना आपण काय बोललो ते कळलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. पुढे काय करावं ते सुचेना, तेव्हा कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली आणि दारातला जळाऊ लाकडांचा सगळा ढीग एकट्यानं फोडून दिला. परतताना होडीत चढायच्या वेळी म्हणाले, "मी फार हलकट माणूस आहे रे." आणि होडीतही उभेच राहिले. होडीवाला ओरडत होता, बसा म्हणून!

अशा माणसावर चिडायचं तरी किती? मी चिडत होतोच, पण त्यांच्या मागे जातही होतो. आणि खरं सांगायचं तर ते ऑपरेशन करत तेव्हा बघत राहावं असं करत. खाटेची नवार विणावी तसा उलटसुलट तो टाका, बोटं नुसती खेळल्यासारखी. हिवाळा सरेपर्यंत आम्ही घरोघर जाऊन माणसं तपासली. कारकून, मास्तर, वाणी, सगळ्यांचे टाके शाबूत. कोळीवाड्यात तर आम्ही शिरलो की रांगच लागे. हिराजी तांडेल सगळ्यांत पुढे. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. छाती ही एवढी, मिशा पिळदार, आवाज समुद्राच्या वरचा. तो "ख्हं" करी, डॉक्टर हात लावून बघत, त्यांचा चेहरा असा उजळे की मीसुद्धा हसत असे. हिराजीची बायको जना काळ्या चहाचे कप आणी. डॉक्टर तो चहा पडवीत फेऱ्या मारत पीत.

मी सरांना कळवलं. सर खूश. त्यांचा निरोप आला की पावसाळ्यानंतर मुंबईत सर्जन लोकांची परिषद आहे, तिथे तुझ्या डॉक्टरांनी स्वतः येऊन टाका दाखवावा. तो निरोप मी वाचून दाखवला तेव्हा डॉक्टर चालायचे थांबले. खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "मुंबईत मला कुणी उभं करत नव्हतं रे. वीस जणांना लिहून पाहिलं. एकानं उत्तर दिलं, तेही स्पेलिंग सुधारून." दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारातल्या शिंप्याकडे कोट शिवायला टाकला. आयुष्यात पहिला कोट! माप देतानाही हालत होते म्हणून शिंपी रडकुंडीला आला.

मे संपत आला. माझा प्रबंध टाइप होऊन तयार, ट्रंक बांधलेली. पावसाळ्यात लाँच बंद होते, म्हणून ती बंद व्हायच्या आधी निघायचं ठरलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी हिराजीनं सांगून पाठवलं, होडी वर घ्यायचीय, बघायला या. पावसाच्या तोंडावर होड्या पाण्यातून ओढून वर घेतात, नारळीच्या झापांनी शाकारतात आणि नारळी पुनवेपर्यंत तिथेच ठेवतात. अख्खा कोळीवाडा दोराला लागतो. डॉक्टरही लागत, दरवर्षी. धोतराचा काचा मारून ते दोराच्या पुढच्या टोकाला, किनाऱ्याकडे तोंड करून, सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते. मला म्हणाले, "तू राहू दे मुंबई, तुझे हात परीक्षेला लागतील." म्हणून मी बाजूला, होडीच्या अंगाला उभा होतो.

हिराजीनं आरोळी दिली. "होऽऽय शा!" सगळी माणसं एका दमात मागे कलली, पोटऱ्या ताठ झाल्या, होडी करकरली. आणि मला हिराजीच्या कमरेला गुंडाळलेल्या रुमालाच्या वर, जांघेपाशी, टाक्याच्या व्रणाच्या बरोबर खाली, लिंबाएवढा फुगा दिसला.

मी डोळे चोळले. आरोळी संपली. हिराजीनं दोर एका हातात धरला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं सदऱ्याची गुंडी लावावी तितक्या सहज तो फुगा आत ढकलला आणि पुन्हा आरोळी दिली. त्याच्या मागच्या माणसाचं तेच. त्याच्या मागच्याचंही. सगळ्यांचं नाही, पण पुष्कळांचं. दम, फुगा, अंगठा. दम, फुगा, अंगठा. आणि डॉक्टर सगळ्यांच्या पुढे, त्यांच्याकडे पाठ करून, आनंदानं ओरडत होते.

होडी वर आली. मी हिराजीला दंड धरून बाजूला ओढलं. म्हटलं, "परवा खोकलास तेव्हा काही नव्हतं! हे काय?"

हिराजी आधी इकडेतिकडे बघू लागला. मग म्हणाला, "धाकले डाक्तर, त्यो खोकला निराला." आणि त्यानं मला करून दाखवलं. "ख्हं. ह्यो डाक्तरांचा. निसता गळ्यातला." मग पोटातून असा खोकला की फुगा टणकन वर आला. "नि ह्यो आमचा."

"म्हणजे तुम्ही सगळे..."

"व्हय. नव्या मानसाला आमीच शिकवतो. गळ्यातनं खोक, म्हंतो. पोटातनं न्हाय."

"अरे पण का? त्यांना सांगायचं नाही का?"

जना टोपली घेऊन तिथे आली होती. तीच बोलली. "येकदा सांगितला व्हता ना दादा. माझ्या दिरानं. डाक्तरबाबा चार दीस जेवले न्हाय. आमच्या दारात येऊन माझ्या सासूच्या पाया पडले, माझा हात चुकला म्हनून. येवढा मोठा मानूस! म्हातारी रडली. तवा वाड्यानं ठरवला, पुन्यांदा त्यांस्नी सांगायचा न्हाय. त्ये हात लावतान, खूश व्हतान. आमाला काय? आंगठ्यानं जातंय आत."

मला हसावं की रडावं कळेना. जगात दुसरीकडे कुठे पेशंट डॉक्टरला सांभाळायला खोटं खोकले असतील असं मला वाटत नाही. आणि माझ्या ट्रंकेत तो प्रबंध! उद्या लाँच, पुढे परीक्षा, परिषद, डॉक्टरांचा कोट. गप्प राहिलो असतो तर सगळ्यांचंच भलं झालं असतं. मी काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हे. पण सहा महिने त्या माणसाच्या मागे धावून माझ्या डोक्याची पार वाट लागली होती. डॉक्टर धोतर झटकत आमच्याकडे आले, "काय रे, तोंड का असं?" म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डॉक्टर, यांना खोकायला लावू नका. दोर ओढायला लावा."

त्यांना क्षणभर उमगलं नाही. मग उमगलं. त्यांनी दोराचं टोक होडीला बांधून घेतलं, हिराजीच्या हातात दोर दिला आणि म्हणाले, "ओढ."

"डाक्तर, जाऊ द्या ना."

"ओढ म्हणतो ना!"

हिराजीनं ओढलं. डॉक्टरांनी तळवा लावला. मग दुसऱ्याला बोलावलं. मग तिसऱ्याला. एकेक जण मान खाली घालून येत होता आणि दोर ओढत होता. कुणी खोकलं नाही, कुणी हसलं नाही. शेवटच्या माणसाचं झालं, तेव्हा डॉक्टर वाळूत बसले. सरळ फतकल मारून. मी त्यांना बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, संपला हा माणूस.

हिराजी त्यांच्या समोर उकिडवा बसला. "तुमाला वाईट वाटंल म्हनून, डाक्तर."

डॉक्टर म्हणाले, "गाढवांनो, जो येत नाही त्याच्या घरी जा, हे मी या पोराच्या डोक्यात हाणलं. जो येतो आणि चहा पाजतो, त्याचं काय करायचं ते मला कुठे माहीत होतं?" आणि मग माझ्याकडे वळून, "ट्रंक सोड, मुंबई. नवा प्रबंध लिही. बसून काम करणाऱ्याला हा टाका टिकतो, ओढणाऱ्याला टिकत नाही. माझं नाव घालून लिही. नाव गाळलंस तर याद राख."

"आणि परिषद?"

"ती राहिली." एवढं बोलून ते उठले आणि दवाखान्याकडे चालू लागले. शिंप्याच्या दुकानावरून जाताना आत डोकावलेसुद्धा नाहीत.

माझी लाँच गेली, माझी परीक्षा सहा महिने पुढे गेली. घरच्यांनी मला वेड्यात काढलं, सरांनी तर "तुलाही त्याची हवा लागली" म्हणून पत्राला उत्तर देणंच सोडलं. मी मुरुडात अडकलो. बाहेर धो धो पाऊस आणि आत आम्ही दोघं एकमेकांवर खेकसत होतो. होड्या वर होत्या, कोळी मोकळे होते. डॉक्टरांनी ठरवलं की नारळी पुनवेच्या आत सगळ्यांची ऑपरेशनं पुन्हा करायची, आणि या वेळी मुंबईच्या पद्धतीनं, म्हणजे मी शिकलो होतो त्या पद्धतीनं. मी म्हटलं, "तुम्ही करा, मी सांगतो कसं ते." ते म्हणाले, "हात तुझे, मी मदतनीस."

पहिला हिराजी. कण्यात सुई दिली, कमरेखालचं बधिर झालं, तो टक्क जागा. मी सर्जनच्या जागी उजव्या बाजूला उभा राहिलो आणि डॉक्टर समोर, हातात जखम उघडी धरायचे हुक घेऊन. ज्या जागी नवशिका हाउसमन उभा असतो, त्या जागी. मला त्यांच्याकडे बघवेना.

हिराजीनं मान उचलली. "कापतंय कोन?"

"धाकले डॉक्टर," डॉक्टर म्हणाले. "पड गप."

"न्हाय. तुमी कापा."

"हिराजी, माझा टाका सुटतो. तू ओढून दाखवलास ना?"

"सुटू द्या की. परत आला तरी चालंल." हिराजी मान खाली टेकेना. "पन तुमीच कापा, डाक्तर."

दाऊदभाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझ्या हातातली सुरी तशीच राहिली. मला वाटलं, आता ते माझ्या जागी येणार, आणि आले असते तर मी आनंदानं बाजूला झालो असतो. डॉक्टरांनी हिराजीच्या कपाळावर कोपर टेकवून त्याची मान हळूच खाली केली. हात धुतलेले होते ना, तळवा लावता येत नव्हता. मग त्यांनी नाक ओढलं आणि माझ्यावर खेकसले, "सुरू कर की! कंबर बधिर झालीय त्याची, जीभ नाही. आणि असा वाकून उभा राहू नको, मला काही दिसत नाहीये. शिकायचंय मला."

मी सरळ उभा राहिलो आणि त्यांना दिसेल असं कापायला घेतलं.